प्रीएक्लॅम्पसिया आणि किडनीच्या रक्ततपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणात वीस आठवड्यांनंतर बीपी वाढून किडनी, लिव्हरसारख्या अवयवांवर परिणाम करणारा आजार. गरोदरपणात बीपी वाढला की चिठ्ठीवर केएफटी (किडनीची), एलएफटी (लिव्हरची), सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) अशी नावं येतात आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्टची पीडीएफ येते. खालचे प्रश्न त्या पीडीएफकडे बघत विचारले जाणारे आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, कारण आपल्याकडच्या लॅब तेच छापतात. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. हे वाचून त्यांना प्रश्न नीट विचारता आले तर पुष्कळ झालं.

क्रिएटिनिन ०.९ आलं आहे. लॅबने बाजूला ०.६ ते १.१ अशी मर्यादा छापली आहे, म्हणजे नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणतात किडनीवर परिणाम दिसतोय. कोणाचं खरं?

डॉक्टरांचं. छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या बायकांची आहे. लॅबच्या सॉफ्टवेअरला वय आणि लिंग कळतं, पोटात सात महिन्यांचं बाळ आहे हे कळत नाही. दिवस गेल्यावर किडनीकडे जाणारं रक्त खूप वाढतं आणि पहिले तीन महिने संपेपर्यंत रक्त गाळण्याचा वेग, म्हणजे जीएफआर, जवळपास निम्म्याने चढलेला असतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो एक टाकाऊ पदार्थ, मात्र स्नायूंमधून रोज साधारण तेवढंच तयार होतं. टाकीत पडणारी धार तीच राहिली आणि खालची तोटी जास्त उघडली, तर पातळी उतरणारच. म्हणून निरोगी गरोदर बाईचं क्रिएटिनिन ०.४ ते ०.८ च्या दरम्यान असतं, बहुतेकींचं ०.५-०.६.

आता हिशेब करा. दिवस जाण्याआधी क्रिएटिनिन ०.७ होतं आणि गाळण्याचा वेग १०० धरला. पाचव्या महिन्यात वेग १५०, क्रिएटिनिन ०.५ च्या आसपास. सातव्या महिन्यात प्रीएक्लॅम्पसिया झाला, किडनीचं एक तृतीयांश काम गेलं, वेग परत १०० वर आला. क्रिएटिनिन परत ०.७. रिपोर्टवर ना लाल अक्षर, ना ठळक आकडा, आणि किडनीने मात्र एक तृतीयांश काम सोडलेलं. प्रीएक्लॅम्पसियात गाळण्याचा वेग साधारण याच प्रमाणात घटतो, त्यामुळे हे उदाहरण पुस्तकी नाही. पुढचे बरेचसे प्रश्न याच हिशेबातून निघतात.

मग गरोदरपणात किती क्रिएटिनिन म्हणजे जास्त?

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातली एक मोठी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सरासरी क्रिएटिनिन दिवस जाण्याआधी ६० मायक्रोमोल प्रति लिटर, १६ ते २० आठवड्यांत ४७ आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ६४ आढळलं. आपल्या एककात ०.६८, ०.५३ आणि ०.७२. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या दुसऱ्या एका गटाने ७७ मायक्रोमोलच्या, म्हणजे ०.८७ च्या, वर गेलं तर गरोदरपणात ते असामान्य धरावं असं सुचवलं.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे याहूनही सावध राहायला हवं. क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं. बेचाळीस किलोच्या, अंगात मांस नसलेल्या मुलीचं मूळ क्रिएटिनिनच ०.४ असू शकतं. तिचं ०.८ म्हणजे दुप्पट झालं. सत्तर किलोच्या बाईच्या ०.८ शी त्याची तुलना होत नाही. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठून कुठे आला हे जास्त बोलतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट फेकू नका. तेव्हा क्रिएटिनिन केलंच नसेल आणि आधीपासून बीपी, मधुमेह, किडनीचा त्रास, जुळी किंवा मागच्या खेपेचा प्रीएक्लॅम्पसिया असेल, तर लवकरात लवकर एकदा करून ठेवायला डॉक्टरांना विचारा. तपासणी स्वस्त आहे, नंतर तिची किंमत कळते.

१.१ हा आकडा सगळीकडे दिसतो, तो काय आहे?

तो निदानाचा निकष आहे, धोका सुरू होण्याची रेषा नव्हे. वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त, निदान चार तासांच्या अंतराने दोनदा भरला आणि लघवीतून प्रोटीन जात असेल तर प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. पूर्वी प्रोटीन असल्याशिवाय हे नाव देत नसत. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ती अट काढली. प्रोटीन नसलं तरी प्लेटलेट एक लाखाच्या खाली, लिव्हरची एन्झाइम दुप्पट, फुप्फुसात पाणी, नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टीची तक्रार, अथवा क्रिएटिनिन १.१ च्या वर किंवा आधीच्या दुप्पट, यांतलं काहीही एक पुरतं. गरोदरपणातल्या बीपीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा निकष ९० मायक्रोमोलचा, म्हणजे सुमारे १.० चा आहे.

‘किंवा आधीच्या दुप्पट’ हे शब्द वाचताना हमखास निसटतात. ०.४५ चं ०.९५ झालं तर १.१ ओलांडलेलं नसतं, पण निकष पूर्ण झालेला असतो. आधीचा रिपोर्ट हाताशी नसेल तर हे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

या आजारात किडनीला नेमकं होतं काय?

सुरुवात वारेत (प्लॅसेंटात) होते. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुरुवातीला हव्या तशा रुंदावल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात काही प्रथिनं जास्त सोडू लागते. त्यांतलं मुख्य एसएफएलटी-१. किडनीतल्या बारीक केशवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी राहायला व्हीईजीएफ नावाचं वाढद्रव्य लागतं. एसएफएलटी-१ तेच अडवून ठेवतं. मग अस्तराच्या पेशी फुगतात, केशवाहिन्यांची पोकळी अरुंद होते, गाळणं मंदावतं आणि प्रोटीन गळू लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या या बदलाचं वर्णन १९५९ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी केलं आणि त्याला ग्लोमेरुलर एंडोथेलिओसिस हे नाव दिलं. कारण सापडायला मात्र २००३ उजाडलं. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या बोस्टनमधल्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरांच्या शरीरात एसएफएलटी-१ वाढवलं तेव्हा त्यांना बीपी, लघवीतून प्रोटीन आणि किडनीतला तोच बदल, असं सगळं झालं.

दिलाशाची बाब अशी की हा बदल बहुतेकींत वार पडल्यावर उलटतो. खूप दिवसांच्या मधुमेहाने किंवा बीपीने होणारी किडनीची खराबी तशी नसते.

वहिनीचं युरिक ॲसिड ६.२ आलं. घरी डाळ, पालक, टोमॅटो सगळं बंद केलं. बरोबर केलं का?

नाही. आधी तिला वरण-भात वाढा. हा गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा, प्रश्न नाही.

साध्या गरोदरपणात युरिक ॲसिडही उतरतं, मधल्या महिन्यांत ते तीनच्या आसपास असतं आणि नवव्या महिन्याकडे हळूहळू वर येतं. प्रीएक्लॅम्पसियात ते चढतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, आतलं प्रमाण घटतं, किडनी सोडियम आणि त्याच्याबरोबर युरिक ॲसिडही परत ओढून घेते, शिवाय गाळणंही कमी झालेलं असतं. या सगळ्यात तुरीच्या डाळीचा काही हात नाही. उलट प्रोटीन लघवीतून जात असताना आणि बाळ वाढत असताना आईच्या ताटातली डाळ काढणं म्हणजे दुहेरी नुकसान.

विषाक्त गरोदरपण (प्रीएक्लॅम्पसियाचं जुनं नाव) आणि युरिक ॲसिड यांच्या संबंधाची नोंद १९१७ इतकी जुनी आहे. क्रिएटिनिन हलायच्या आधी युरिक ॲसिड हलतं, म्हणून ५.५-६ च्या वर गेलं की अनुभवी डॉक्टर कान टवकारतात. नवव्या महिन्यापूर्वी जितकं लवकर चढेल तितकी शंका जास्त. तरीही निदानाच्या निकषांत त्याला जागा नाही, आणि ती नाही हे योग्यच आहे. अनेक अभ्यास एकत्र ठेवून बघितलं तेव्हा कोणाला झटके येतील किंवा कोणाचं बाळ अडचणीत येईल हे युरिक ॲसिडवरून नीटसं ओळखता आलं नाही. ‘युरिक ॲसिड सात झालं, आजच सिझर’ असा निर्णय एवढ्या एका आकड्यावर होत असेल तर बाकीचं काय दिसतंय ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि ते कमी करायची गोळी घेऊन आजार कमी होत नाही, हेही लक्षात असू द्या.

एका रिपोर्टवर युरिया २४, दुसऱ्यावर बीयूएन ११. एका दिवसात अर्ध्यावर कसं आलं?

आलं नाही, ते एकच आहे. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. गरोदरपणात बीयूएन ८-१० च्या आसपास राहतं. युरिया तसा कमकुवत साक्षीदार आहे. उलट्या होऊन पाणी कमी झालं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, जठरात किंवा आतड्यात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. क्रिएटिनिनच्या जोडीला बघावा, एकटा नको.

रिपोर्टच्या तळाशी ईजीएफआर ११८ लिहिलंय. ते चांगलं ना?

त्याकडे बघूच नका. तो आकडा वय, लिंग आणि क्रिएटिनिन एका सूत्रात घालून काढलेला असतो आणि ती सूत्रं गरोदर नसलेल्या लोकांवर बेतलेली आहेत. गरोदरपणात ती खरी गती दाखवत नाहीत. लॅबने गरोदर बाईच्या रिपोर्टवर तो छापूच नये असं मला वाटतं, पण तो आपोआप छापला जातो. गाळण्याचा वेग खरोखरच मोजायची वेळ आली तर २४ तासांची लघवी जमा करून क्रिएटिनिन क्लिअरन्स काढतात. त्यातही एखाद्या वेळची लघवी भांड्यात टाकायची राहिली की हिशेब चुकतो.

सिस्टॅटिन सी ही तपासणी जास्त अचूक असते असं वाचलं. करून घ्यावी का?

गरोदरपणात नको. सिस्टॅटिन सी हे शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात ते एक छोटं प्रथिन. त्याला स्नायूंशी फारसं देणंघेणं नसतं, म्हणून इतर वेळी बारीक किंवा वयस्कर माणसांत ते क्रिएटिनिनपेक्षा सरस ठरतं. पण शेवटच्या तीन महिन्यांत निरोगी बायकांतही ते चढतं, किडनी ठणठणीत असताना. प्रीएक्लॅम्पसियात आणखी चढतं आणि स्वीडनमधल्या संशोधकांना ते किडनीच्या केशवाहिन्यांतल्या सुजेशी जुळतं असंही दिसलं. त्यामुळे संशोधकांना त्यात रस आहे. रोजच्या वापरात मात्र चढलेला आकडा किडनी मंदावल्याचा की नववा महिना लागल्याचा, हे सांगता येत नाही. पैसे वाचवा.

एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफचं गुणोत्तर काय सांगतं? ती किडनीची तपासणी आहे का?

नाही, ती वारेची तपासणी आहे. पण किडनीला त्रास देणारं मूळच ती मोजते, म्हणून इथे घेतली. पीएलजीएफ हे वारेतून येणारं चांगलं वाढद्रव्य, आजारात ते घटतं आणि एसएफएलटी-१ वाढतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, आजाराची शंका असलेल्या बायकांत गुणोत्तर ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही असं ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने सांगता आलं. जास्त आलं तर आजार होईलच असं मात्र तितक्या खात्रीने सांगता येत नाही. ही तपासणी ‘नाही’ म्हणायला उत्तम, ‘हो’ म्हणायला बेताची. ब्रिटनमध्ये ती सरकारी आरोग्यसेवेत वापरतात, अमेरिकेने मे २०२३ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते आणि खिशाला जड आहे. निदान आधीच पक्कं झालं असेल, बीपी १७० आणि प्लेटलेट ८० हजार असतील, तर तिच्यावर खर्च करण्यात काही अर्थ नाही.

तिचा खरा उपयोग जिथे गोंधळ आहे तिथे होतो. आधीपासून किडनीचा आजार असलेल्या बाईचा बीपी आणि लघवीतलं प्रोटीन सातव्या महिन्यात वाढलं, तर जुना आजार बळावला की वर प्रीएक्लॅम्पसिया बसला? दोन्हींत क्रिएटिनिन वाढतं. पीएलजीएफ खूपच कमी असेल तर बोट वारेकडे जातं.

किडनी बघायची आहे तर प्लेटलेट, एसजीओटी, एलडीएच कशाला?

कारण किडनी क्वचितच एकटी बिघडते. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, लिव्हरची एन्झाइम (एसजीओटी त्यांतलंच एक) वाढलेली आणि तांबड्या पेशी फुटल्याने एलडीएच हे एन्झाइम ६०० युनिट प्रति लिटरच्या वर, या त्रिकुटाला हेल्प सिंड्रोम म्हणतात. त्यात क्रिएटिनिन एका रात्रीत दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. कोणाला गंभीर गुंतागुंत होईल हे सांगणारं ‘फुल पायर्स’ नावाचं गणित २०११ मध्ये आलं. त्यात सहा गोष्टी आहेत: किती आठवडे झाले, छातीत दुखणं किंवा दम लागणं, बोटाला लावून मोजलेला ऑक्सिजन, प्लेटलेट, एसजीओटी आणि क्रिएटिनिन. युरिक ॲसिड त्यात नाही, लघवीतलं प्रोटीनही नाही.

आणखी एक कारण. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत प्लेटलेट वर यायला हव्यात, एलडीएच उतरायला हवं. तसं न होता क्रिएटिनिन चढतच राहिलं तर हा प्रीएक्लॅम्पसियाच आहे का, असा प्रश्न नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीतज्ज्ञांना, पडायला हवा. टीटीपी आणि अटिपिकल एचयूएस हे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या करणारे आजार अगदी असेच दिसतात आणि उपचार पूर्ण वेगळे असतात. मग टीटीपी ओळखणारी एडीएएमटीएस-१३ सारखी तपासणी पाठवतात, तीही प्लाझ्मा द्यायच्या आधी. सांधेदुखी किंवा अंगावर चट्टे असतील तर ल्युपससाठी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) रक्तातली सी-३, सी-४ ही प्रथिनं बघतात.

दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. ०.७ आणि ०.९. फसवतात का?

बहुधा नाही. क्रिएटिनिन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक जाफे यांची, १८८६ पासून चालत आलेली, पिक्रिक ॲसिडने रंग आणणारी. स्वस्त असल्यामुळे अजून वापरात आहे. दुसरी एन्झाइमची. जाफे पद्धतीत रक्तातली ग्लुकोज, कीटोन, प्रथिनं हेही थोडा रंग देतात आणि आकडा फुगवतात. दिवसभर उपाशी असलेल्या किंवा उलट्यांनी बेजार बाईत कीटोन असतातच. उलट बिलिरुबिन वाढलं असेल तर आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. हेल्प सिंड्रोममध्ये बिलिरुबिन वाढतं, म्हणजे ज्या बाईत खरा आकडा सर्वांत गरजेचा तिथेच ही पद्धत फसवू शकते.

उपाय सोपा: सगळ्या तपासण्या एकाच लॅबमधून करा. आदल्या रात्री मटणावर ताव मारू नका, शिजलेल्या मांसाने क्रिएटिनिन थोडा वेळ वाढतं. बाकी उपाशी राहायची गरज नाही.

ही तपासणी किती वेळा करायची?

ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रीएक्लॅम्पसियाचं निदान झाल्यावर आठवड्यातून दोनदा, बीपी १६०/११० च्या पुढे असेल तर तीनदा. झटके आले, लघवी कमी झाली, हेल्प सिंड्रोमची शंका असेल तर रोज किंवा त्याहूनही लवकर. ‘कालच तर केली’ असं म्हणून नाकारू नका. या आजारात कालचा आकडा आज जुना होतो.

लघवी कमी होतेय. पाणी, बार्ली, नारळपाणी वाढवू का? गोखरूचा काढा चालेल?

हा प्रश्न विचारण्यामागची माया समजते, पण उत्तर नाही असं आहे. अंगावर सूज असली तरी रक्तवाहिन्यांतलं पाणी कमी असतं आणि त्यांचं अस्तर गळकं झालेलं असतं. तोंडाने किंवा सलाइनने जास्त पाणी गेलं तर ते फुप्फुसात उतरतं. बाळंतपणाच्या सुमारास गंभीर आजारात सगळं मिळून तासाला ८० मिलिलिटरपर्यंतच द्यावं असा नियम बऱ्याच ठिकाणी पाळतात. नुसत्या सुजेसाठी लघवीच्या गोळ्याही देत नाहीत. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी मंदावली असेल तर ते साठतं. काढ्यांबद्दल एवढंच: जे काही चालू आहे ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका. क्रिएटिनिन उतरवणारा कोणताही पदार्थ स्वयंपाकघरात नाही.

झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू आहे. त्याचा क्रिएटिनिनशी काय संबंध?

फार जवळचा. हे औषध झटके टाळणारं सर्वांत चांगलं औषध आहे, आणि ते बाहेर पडायचा रस्ता जवळपास एकच, किडनी. गाळणं मंदावलं की नेहमीच्या मात्रेतही ते साठतं. म्हणून प्रत्येक पुढच्या मात्रेआधी नर्स तीन गोष्टी बघते: गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास पुरेसे आहेत का, आणि मागच्या चार तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी झाली का. जिथे मध्यरात्री लॅब बंद असते तिथे ही हातोडीच लॅब. पाय उडेनासा झाला तर पुढची मात्रा थांबवतात. श्वास मंद झाला तर कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश देतात.

क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर पहिली मोठी मात्रा नेहमीचीच देतात, पुढच्या मात्रा कमी करतात आणि रक्तातलं मॅग्नेशियम मोजतात. औषध चालू असताना ते ४.८ ते ८.४ पर्यंत अपेक्षित असतं. नेहमीची मर्यादा अडीचच्याही आत, म्हणून लॅब रिपोर्टवर ‘अतिगंभीर’ असा शेरा मारून वॉर्डात फोन करते. नातेवाइकांनी तो शेरा वाचून घाबरू नये. साधारण नऊच्या पुढे पाय उडेनासा होतो, बाराच्या पुढे श्वासाला धोका.

किडनी खराब झाली तर डायलिसिस लागेल का?

बहुतेकींना नाही. प्रीएक्लॅम्पसियात क्रिएटिनिन थोडं वाढतं आणि बाळंतपणानंतर उतरतं. डायलिसिसपर्यंत जाणाऱ्या बायकांत सहसा आणखी काहीतरी घडलेलं असतं: वार आधीच सुटणं, भरपूर रक्तस्राव, हेल्प सिंड्रोम, जंतुसंसर्ग. त्यांच्यातल्याही पुष्कळ जणी काही आठवड्यांत डायलिसिसमधून सुटतात. किडनीचा बाहेरचा थर रक्ताअभावी कायमचा मरणं हा सर्वांत वाईट प्रकार. तो पूर्वी आपल्याकडे बराच दिसायचा, आता कमी झाला आहे.

बाळंतपण झालं, बीपी उतरला. आता तपासण्या थांबवायच्या ना?

इतक्यात नाही. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतो, नेमका घरी गेल्यावर. पहिल्या दिवसांत लघवी थोडी कमी होणं नेहमीचं आहे आणि क्रिएटिनिनही एक-दोन दिवस जरा वर जाऊ शकतं, मग उतरायला हवं. या काळात एका औषधाकडे लक्ष ठेवा. सिझरनंतर वेदनेसाठी डायक्लोफेनॅक जवळपास आपोआप लिहिलं जातं. क्रिएटिनिन वाढलेलं किंवा लघवी कमी असेल तर ते किडनीला आणखी दाबतं, पॅरासिटामॉल बरं. फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. एनालाप्रिल ही बीपीची गोळी गरोदरपणात अजिबात चालत नाही, पण बाळंतपणानंतर अंगावर पाजतानाही डॉक्टर देऊ शकतात. मेडिकलवाल्याने ‘हे तर बंद सांगितलं होतं’ म्हटलं तर गोंधळू नका.

त्यानंतर तीन महिन्यांनी एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि बीपी. तोपर्यंत शरीर मूळ अवस्थेला आलेलं असतं, म्हणून तेव्हा छापील मर्यादा आणि ईजीएफआर दोन्ही पुन्हा उपयोगी. प्रोटीन अजूनही जात असेल तर नेफ्रॉलॉजिस्टकडे जा. किडनीचा जुना आजार गरोदरपणामुळे पहिल्यांदा उघड झाला, असं निघू शकतं. ही तिसऱ्या महिन्याची तपासणीच सर्वांत जास्त बुडते. बाळाच्या लशींच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात, आईची तारीख कोणी लिहून ठेवत नाही.

सरकारी दवाखान्यात हे सगळं होतं का?

बीपी आणि लघवीची पट्टी अगदी उपकेंद्रातही होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तिथे जोखमीच्या बायका वेगळ्या काढतात. क्रिएटिनिन, प्लेटलेटसाठी बहुधा ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. सरकारी संस्थेत गरोदर बाईच्या तपासण्या आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहेत. गाडीसाठी १०२ किंवा १०८, आणि काही अडलं तर आशाताईंना सांगा, कोणत्या दिवशी कोणती तपासणी होते हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

एक मात्र. डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे कळ, दम लागणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काही असेल तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत घरी बसायचं नाही.

पुढच्या वेळी पुन्हा होईल का? आणि किडनीचं पुढे काय?

होऊ शकतो, विशेषतः मागच्या वेळी ३४ आठवड्यांच्या आधी झाला असेल तर. म्हणून दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा. १२ आठवड्यांपासून, उशिरात उशिरा १६ च्या आत, रोज रात्री लहान मात्रेतली ॲस्पिरिन सुरू करतात, ७५ ते १५० मिलिग्रॅम. ती स्वतःहून घेऊ नये, आणि चालू केल्यावर ‘रक्त पातळ होईल’ या भीतीने मधेच सोडूही नये.

लांबच्या पल्ल्याचा अंदाज नॉर्वेने दिला. तिथे बाळंतपणांची आणि डायलिसिसची राष्ट्रीय नोंद जोडून २००८ मध्ये अभ्यास झाला. पहिल्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बायकांना पुढे किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका इतरांच्या साडेचार-पाच पट निघाला. ऐकायला भयंकर वाटतं, पण मूळ धोकाच इतका कमी आहे की पाचपट होऊनही वीस वर्षांत शंभरात एकीलाही तो गाठत नाही. हृदयविकार आणि कायमचा बीपी यांचा धोका त्याहून कितीतरी जवळचा आहे. वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि साखर बघून घ्यावी. चाळिशीत नव्या डॉक्टरांकडे गेलात तरी ‘गरोदरपणात बीपी वाढला होता’ हे आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.